‘झ’ गळतो, जोडाक्षरं फुटतात: डेटाबेसमधला मजकूर बाहेर काढताना

डेटाबेसमधून काढलेल्या सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी किमती वेगळ्या केलेल्या मजकुराच्या फाइलमध्ये) मराठीऐवजी प्रश्नचिन्हं किंवा चित्रविचित्र खुणा दिसल्या, की बहुतेक जण ती फाइल एडिटरमध्ये उघडतात, ‘सेव्ह ॲज’मधून एन्कोडिंग (अक्षरांचे बाइट करण्याची पद्धत) बदलतात आणि पुन्हा पाठवतात. हा उपाय मला मान्य नाही. एन्कोडिंग आणि ओळीचा शेवट या दोन्ही गोष्टी एक्सपोर्टच्या कमांडमध्येच ठरवून टाकायच्या असतात. नंतर फाइलवर हात चालवला की मूळ बाइट काय होते याचा पुरावाच नाहीसा होतो, आणि पुरावा गेल्यावर दुरुस्ती म्हणजे नुसता अंदाज.

मजकूर टेबलातून फाइलपर्यंत पोहोचेपर्यंत किमान तीन ठिकाणी त्याच्या एन्कोडिंगबद्दल काहीतरी गृहीत धरलं जातं: कॉलमचा कॅरॅक्टर सेट (डेटाबेसच्या भाषेत त्या मजकुराचं एन्कोडिंग), कनेक्शनचा कॅरॅक्टर सेट आणि फाइल लिहिणाऱ्या प्रोग्रामचं एन्कोडिंग. या तिघांपैकी एकानं जरी खोटं सांगितलं, तरी बाकीचे दोघं इमानेइतबारे चुकीचं रूपांतर करतात. कुठेही एरर येत नाही. म्हणून एक्सपोर्टला हात घालण्याआधी टेबलात नेमकं काय पडलं आहे ते हेक्समध्ये, म्हणजे प्रत्येक बाइट ० ते एफ या सोळा अंकांत लिहून, बघावं.

‘क’ या एका अक्षरावर हे तपासता येतं. सगळ्या लिपींतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये ते यू+०९१५, आणि यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये त्याचे तीन बाइट: ई० ए४ ९५. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये त्या कॉलमवर हेक्स, कॅर-लेंग्थ आणि लेंग्थ ही तीन फंक्शन्स चालवा. अक्षरसंख्या १, बाइट ३ आणि हेक्स ई० ए४ ९५ आलं, तर सगळं ठीक आहे. हेक्स तेच, पण अक्षरसंख्या ३ आणि बाइटही ३, तर कॉलम लॅटिन-१ (एका अक्षराला एकच बाइट देणारं जुनं युरोपीय एन्कोडिंग) आहे आणि त्यात यूटीएफ-८चे बाइट तसेच कोंबलेले आहेत. अक्षरसंख्या ३, बाइट ७ आणि हेक्स सी३ ए० सी२ ए४ ई२ ८० ए२ असं आलं, तर मजकूर दोनदा एन्कोड झालेला आहे: यूटीएफ-८चे बाइट लॅटिन-१ समजून पुन्हा एकदा यूटीएफ-८ मध्ये बदलले गेले.

या दोन्ही बिघाडांचे उपाय वेगळे आहेत आणि त्यांची अदलाबदल केली तर नुकसान होतं. लॅटिन-१ कॉलमच्या बाबतीत कॉलमचा प्रकार आधी ब्लॉब (नुसते बाइट) करायचा आणि मग यूटीएफ८एमबी४चा, म्हणजे मायएसक्यूएलमधल्या पूर्ण यूटीएफ-८चा, टेक्स्ट करायचा. मधल्या ब्लॉबमुळे बाइटांना हात न लावता फक्त लेबल बदलतं. थेट लॅटिन-१ वरून यूटीएफ८एमबी४ केलं तर सर्व्हर रूपांतर करतो आणि दुहेरी एन्कोडिंग स्वतःच्या हातानं तयार होतं. आधीच दुहेरी झालेल्या मजकुरासाठी कन्व्हर्टनं लॅटिन-१, त्याचं कास्टनं बायनरी, आणि त्याचं पुन्हा कन्व्हर्टनं यूटीएफ८एमबी४ अशी उलट वाट चालावी लागते. पण फक्त बिघडलेल्या नोंदींवरच. त्याच टेबलात काही नोंदी चांगल्या असतील, तर त्यांच्या देवनागरीला लॅटिन-१ मध्ये जागा नसल्यामुळे प्रत्येक अक्षराचं प्रश्नचिन्ह होईल आणि ते परत येणार नाही. अपडेट चालवण्याआधी तेच एक्स्प्रेशन सिलेक्टमध्ये चालवून निकाल डोळ्यांनी वाचावा. बॅकअप तर हवाच.

मायएसक्यूएलमधलं ‘यूटीएफ८’ हे नावही फसवं आहे. त्याचा अर्थ यूटीएफ८एमबी३, म्हणजे एका अक्षराला जास्तीत जास्त तीन बाइट. देवनागरी तीनमध्ये मावते, त्यामुळे मराठीपुरतं सगळं सुरळीत चालतं आणि कुणाला शंकाही येत नाही. इमोजीला चार बाइट लागतात. स्ट्रिक्ट मोड (चुकीची किंमत नाकारणारी सेटिंग) बंद असेल तर इमोजीपासून पुढचा सगळा मजकूर कापला जाऊ शकतो. यूटीएफ८एमबी४ हा कॅरॅक्टर सेट ५.५.३ या आवृत्तीत आला आणि ८.० पासून तोच डिफॉल्ट आहे. जुन्या डम्पमध्ये (फाइलमध्ये काढून ठेवलेल्या डेटाबेसच्या प्रतीत) मात्र कॉलमवर जुनं नाव ठोकलेलं असतं, आणि ते नव्या सर्व्हरवरही तसंच राहतं.

कोणती अक्षरं आधी मरतात

बिघडलेल्या फाइलमध्ये काही अक्षरं शाबूत आणि काही गायब असतील, तर कोणती गायब आहेत ते नीट बघा. विंडोज-१२५२ या कोडपेजमध्ये (विंडोजच्या जुन्या एन्कोडिंगमध्ये) पाच बाइटांना अर्थच दिलेला नाही: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. आता देवनागरीकडे पाहा. हलन्ताच्या खुणेचा शेवटचा बाइट ८डी. ह्रस्व उकाराचा ८१. ‘ए’चा ८एफ, ‘ऐ’चा ९०, ‘झ’चा ९डी. यूटीएफ-८ फाइल कुणीतरी विंडोज-१२५२ समजून वाचली, न जुळणारे बाइट वगळा असं सांगितलं (पायथनमध्ये ‘इग्नोर’, आयकॉन्व्ह या एन्कोडिंग बदलणाऱ्या प्रोग्राममध्ये सी हा पर्याय), तर नेमके हेच बाइट गळतात. नंतर उलट रूपांतर केलं तरी जोडाक्षरं फुटलेली, उकार गेलेले, ‘झ’ नाहीसा. हा नमुना दिसला की समजावं, मजकूर वाटेत एकदा १२५२ मधून गेला आहे आणि त्या फाइलमधून तो पूर्ण परत मिळणार नाही. मूळ डेटाबेसकडेच जावं लागेल. मायएसक्यूएलचा लॅटिन-१ हा खरं तर विंडोज-१२५२च आहे, पण त्यानं या पाच जागा भरून घेतल्या आहेत. म्हणून मायएसक्यूएलच्या आत ये-जा केलेला मजकूर वाचतो आणि बाहेरच्या साधनातून गेलेला फुटतो.

‘ठ’ची गोष्ट थोडी वेगळी. त्याचा शेवटचा बाइट ए०. हाच बाइट लॅटिन-१ मध्ये न तुटणारी स्पेस असतो. ‘जादा स्पेस साफ करा’ छापाची स्क्रिप्ट बाइटांवर चालली, तर फक्त ‘ठ’ बिघडलेला मजकूर हाती येतो. आणि ‘अ’चा शेवटचा बाइट ८५ हा आयएसओ-८८५९-१ मध्ये ‘पुढची ओळ’ नावाचं नियंत्रणचिन्ह आहे. पायथनमधलं स्प्लिटलाइन्स हे फंक्शन त्यालाही ओळीचा शेवट मानतं. यूटीएफ-८ फाइल लॅटिन-१ म्हणून वाचून स्प्लिटलाइन्स केलं, की प्रत्येक ‘अ’पाशी ओळ तुटते. एन्कोडिंग आणि ओळीचा शेवट हे दोन वेगळे विषय म्हणून शिकवले जातात, पण प्रत्यक्षात ते असे एकमेकांत शिरतात.

प्रश्नचिन्हांचंही वाचन करता येतं. एका अक्षरामागे एक प्रश्नचिन्ह असेल, तर मजकूर नीट ओळखला गेला होता, पण ज्या कॅरॅक्टर सेटमध्ये पाठवला त्यात देवनागरीच नव्हती. बहुधा कनेक्शन किंवा फाइलचं एन्कोडिंग चुकलं. एका अक्षरामागे तीन असतील, तर यूटीएफ-८चे सुटे बाइट कुणीतरी आस्कीत (फक्त इंग्रजी अक्षरांच्या संचात) बसवायला गेलं. या बाबतीत मला पोस्टग्रेस या डेटाबेसचं वागणं आवडतं: लक्ष्य एन्कोडिंगमध्ये अक्षर नसेल तर तो प्रश्नचिन्ह न टाकता एरर देऊन थांबतो.

विंडोज पॉवरशेल आणि यूटीएफ-१६

मायएसक्यूएलडम्प किंवा पीजी-डम्प (मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसचे डम्प काढणारे प्रोग्राम) यांचं आउटपुट विंडोज पॉवरशेल ५.१ मध्ये ‘>’ या खुणेनं फाइलमध्ये वळवू नका. पॉवरशेल ते आउटपुट आधी कन्सोलच्या कोडपेजनुसार अक्षरं समजून वाचतो, म्हणजे मराठी तिथेच बिघडते, आणि मग फाइल यूटीएफ-१६ मध्ये (बाइट जोड्यांनी ठेवणाऱ्या एन्कोडिंगमध्ये) लिहितो. मायएसक्यूएल यूटीएफ-१६ हा कनेक्शनचा कॅरॅक्टर सेट म्हणून घेतच नाही, त्यामुळे तो डम्प परत भरता येत नाही. मायएसक्यूएलडम्पला रिझल्ट-फाइल हा पर्याय द्यावा, पीजी-डम्पला एफ. मग फाइल प्रोग्राम स्वतः लिहितो आणि शेल मध्ये येत नाही. रिझल्ट-फाइलमुळे विंडोजवर एलएफचं (०ए, युनिक्सचा ओळीचा शेवट) सीआरएलएफ (०डी ०ए, विंडोजचा) होणंही टळतं. ५.१ मधलं एक्सपोर्ट-सीएसव्ही तर एन्कोडिंग न सांगितल्यास आस्की वापरतं, म्हणजे सगळ्या मराठीची प्रश्नचिन्हं. पॉवरशेल ७ मध्ये डिफॉल्ट यूटीएफ-८ आहे आणि ७.४ पासून बाहेरच्या प्रोग्रामचे बाइट जसेच्या तसे फाइलमध्ये जातात.

यूटीएफ-१६ मध्ये देवनागरी ठेवणं चूक नाही, पण ती फाइल बाइटांवर चालणाऱ्या साधनांच्या हाती पडता कामा नये. देवनागरीचा विभाग यू+०९०० पासून सुरू होतो, त्यामुळे प्रत्येक अक्षराचा एक बाइट ०९ असतो, आणि ०९ म्हणजे टॅब. ‘ऊ’ म्हणजे यू+०९०ए. लिटल-एंडियनमध्ये (खालचा बाइट आधी) त्याचे बाइट ०ए ०९, म्हणजे एलएफ आणि टॅब. ओळींचे शेवट बदलणाऱ्या साध्या प्रोग्रामला ‘ऊस’ या शब्दात ओळीचा शेवट दिसतो. खऱ्या ओळीच्या शेवटीही असा प्रोग्राम ०ए च्या आधी एकच ०डी घुसवतो, दोन बाइटांची जोडी सरकते आणि तिथून पुढे ‘न’चं ब्रेलचं चिन्ह होतं, मात्रांची चिनी अक्षरं होतात. पुढच्या ओळीला अजून एक बाइट घुसला की जोडी पुन्हा जुळते. एक ओळ बरोबर, एक ओळ चिनी असं दिसलं, तर कारण हेच. यूटीएफ-८ मध्ये हा धोका नाही, कारण तिथे आस्कीबाहेरच्या अक्षराचा कुठलाही बाइट ८० पेक्षा लहान नसतो.

ओळ वेगळी, नोंद वेगळी

लाइन एंडिंगबद्दलचा बहुतेक गोंधळ एका गोष्टीतून येतो. फाइलमध्ये दोन प्रकारचे ओळीचे शेवट असतात: नोंद संपल्याची खूण, आणि मजकुराच्या आत वापरकर्त्यानं एंटर दाबल्यामुळे आलेली. पहिली फाइलच्या स्वरूपाचा भाग आहे, दुसरी डेटाचा. युनिक्स-टू-डॉस किंवा सेड यांसारख्या मजकूर बदलणाऱ्या कमांडना हा फरक कळत नाही. ती साधनं दोन्ही बदलतात, म्हणजे पत्त्याच्या किंवा शेऱ्याच्या कॉलममधला डेटाही बदलतो. सीएसव्हीचे शेवट बदलायचेच असतील तर सीएसव्ही समजणाऱ्या पार्सरनं वाचून पुन्हा लिहावी. एक्सेल स्वतः हा फरक पाळतं: सेलमधल्या ओळी एलएफनं तुटतात, नोंदी सीआरएलएफनं संपतात. सीएसव्हीचं स्वरूप सांगणाऱ्या ऑक्टोबर २००५च्या आरएफसी ४१८० मध्येही नोंदीचा शेवट सीआरएलएफ असाच दिला आहे.

चुकीच्या शेवटाची लक्षणं ठरलेली आहेत. सीआरएलएफची फाइल मायएसक्यूएलमध्ये ‘लाइन्स टर्मिनेटेड बाय’ला फक्त एलएफ सांगून भरली, तर शेवटच्या कॉलमच्या प्रत्येक किमतीला अदृश्य सीआर चिकटतो. डोळ्यांना सगळं बरोबर दिसतं, पण दोन टेबलं जोडणारा जॉइन जुळत नाही आणि ‘बरोबर आहे का’ ही तुलना खोटी ठरते. हेक्सच्या शेवटी ०डी दिसला की कारण सापडलं. पोस्टग्रेस पहिल्या ओळीवरून शेवट ओळखतो आणि पुढे वेगळा आला तर तक्रार करून थांबतो. एसक्यूएल सर्व्हरच्या बीसीपी या आयात-निर्यातीच्या प्रोग्राममध्ये आयात करताना ‘बॅकस्लॅश एन’ सांगितलं तरी तो स्वतःहून आधी सीआर जोडून घेतो. एलएफनं संपणारी फाइल भरायची तर शेवट ०एक्स०ए असा हेक्समध्येच द्यावा लागतो.

पायथनमध्ये विंडोजवर लिहिलेल्या सीएसव्हीत प्रत्येक नोंदीनंतर रिकामी ओळ दिसली, तर फाइल उघडताना न्यूलाइन हा पर्याय रिकाम्या स्ट्रिंगवर ठेवलेला नाही. सीएसव्ही मॉड्यूल स्वतः सीआरएलएफ लिहितं, वर फाइल त्यातल्या एलएफचं सीआरएलएफ करते, आणि दोन सीआर आणि एक एलएफ असा शेवट तयार होतो.

आता प्रत्येक डेटाबेसला नेमकं काय सांगायचं ते.

पोस्टग्रेसच्या कॉपी कमांडमध्ये फॉरमॅट सीएसव्ही, हेडर आणि एन्कोडिंग यूटीएफ८ हे तिन्ही लिहावेत. पीएसक्यूएलच्या क्लायंट-एन्कोडिंगवर विसंबू नये, कारण टर्मिनलवर चालताना ते सिस्टिमच्या लोकॅलवरून (भाषेच्या सेटिंगवरून) ठरतं. सर्व्हर विंडोजवर असेल तर सर्व्हरच्या डिस्कवर लिहिलेल्या फाइलमध्ये सीआरएलएफ येतं. एसटीडीआउटवर (फाइलऐवजी थेट क्लायंटकडे) कॉपी केलं तर सर्व्हर नेहमी एलएफच पाठवतो, म्हणून मी तोच मार्ग सुचवेन. आणि फाइल दुसऱ्या पोस्टग्रेसमध्येच भरायची असेल तर सीएसव्ही घेऊच नका. कॉपीच्या टेक्स्ट फॉरमॅटमध्ये मजकुरातला एलएफ ‘बॅकस्लॅश एन’ असा लिहिला जातो, त्यामुळे एक नोंद म्हणजे कायम एक ओळ. मग ओळी मोजणं, फाइलचे तुकडे करणं, दोन फाइलींची तुलना करणं सगळंच सोपं होतं. नल (किंमतच नसणं) हाही तिथे रिकाम्या स्ट्रिंगपासून स्पष्ट वेगळा राहतो.

मायएसक्यूएलच्या ‘सिलेक्ट इंटू आउटफाइल’मध्ये कॅरॅक्टर सेट यूटीएफ८एमबी४ लिहायला विसरलं, तर सर्व्हर काहीच रूपांतर करत नाही. एक कॉलम लॅटिन-१ आणि दुसरा यूटीएफ-८ असेल, तर एकाच फाइलमध्ये दोन एन्कोडिंग मिसळतात आणि अशी फाइल कुठलाही एडिटर सरळ करू शकत नाही. दुसरी अडचण एस्केपची. डिफॉल्ट एस्केप बॅकस्लॅश आहे, पण आरएफसीप्रमाणे अवतरणचिन्ह दुप्पट करायचं असतं. एस्केप म्हणून दुहेरी अवतरणचिन्हच दिलं तर तेवढं साधतं, मात्र मग नलच्या जागी अवतरणचिन्ह आणि रोमन एन अशी जोडी येते आणि पार्सर कोलमडतो. त्यासाठी प्रत्येक नल होऊ शकणाऱ्या कॉलमला इफनल (नलऐवजी दुसरी किंमत देणारं फंक्शन) लावावं लागतं.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये बीसीपीला छोटा सी हा पर्याय दिला की तो कन्सोलचं जुनं ओईएम कोडपेज वापरतो, त्यात देवनागरी नाही. २०१६ पासून मोठ्या सीसोबत ६५००१ देऊन यूटीएफ-८ मिळतं. डब्ल्यू दिला तर यूटीएफ-१६. मजकूर व्हारकॅरमध्येच प्रश्नचिन्हं होऊन बसला असेल, म्हणजे इन्सर्टच्या वेळी एन हा उपसर्ग द्यायचा राहून गेला असेल, तर एक्सपोर्टचा काहीही उपयोग नाही. ओरॅकलमध्ये एनएलएस-लँग या क्लायंटच्या सेटिंगच्या शेवटी एएल३२यूटीएफ८ हवं. तिथे व्हारकॅर२ची लांबी डिफॉल्टनं बाइटांत मोजतात, म्हणून ३० च्या कॉलममध्ये देवनागरीची दहाच चिन्हं मावतात, आणि काना-मात्राही त्यातच मोजायच्या. एसक्यूलाइटचा सीएसव्ही मोड नोंदी सीआरएलएफनं संपवतो. लिनक्सवर पुढे प्रक्रिया करणार असाल तर हे आधी माहीत असू द्या.

बीओएम टाकायचा की नाही

ईएफ बीबी बीएफ हे तीन बाइट, म्हणजेच बीओएम, फाइलच्या सुरुवातीला असले तर एक्सेल दुहेरी क्लिकवर फाइल यूटीएफ-८ म्हणून उघडतं. नसले तर सिस्टिमचं कोडपेज धरतं आणि मराठीचा चुराडा होतो. पण तेच तीन बाइट बाकीच्यांना नको असतात. हेडरची ओळ नसेल तर पोस्टग्रेसला ते पहिल्या किमतीचा भाग वाटतात आणि पहिला कॉलम पूर्णांकाचा असेल तर तो तिथेच एरर देतो. साध्या यूटीएफ-८नं वाचणाऱ्या स्क्रिप्टमध्ये पहिल्या कॉलमच्या नावाआधी अदृश्य अक्षर चिकटतं आणि ‘असा कॉलम नाही’ अशी तक्रार येते. म्हणून मुख्य फाइल बीओएमशिवाय आणि एलएफची ठेवावी. एक्सेलमध्ये बघणाऱ्यांसाठी त्याच फाइलवरून बीओएम आणि सीआरएलएफची वेगळी प्रत काढावी, आणि ती प्रत परत डेटाबेसमध्ये कधीही भरू नये. कारण एक्सेल सुरुवातीची शून्यं खातं, तारखा बदलतं, आणि मग एन्कोडिंग बरोबर असून डेटा चुकीचा ठरतो.

फाइल तयार झाल्यावर तिची वाटही जपावी लागते. एफटीपी बायनरी मोडमध्येच. गिटमध्ये डम्प ठेवत असाल तर ॲट्रिब्यूट्सच्या फाइलमध्ये त्या प्रकाराच्या फाइलींना उणे टेक्स्ट लावा, नाहीतर ऑटोसीआरएलएफ शेवट बदलून टाकेल.

‘अदृश्य अक्षरं साफ करणारी’ पायरीही मराठीसाठी घातक आहे. ‘दऱ्या’मधला ऱ काही कीबोर्ड यू+०९३१ नं लिहितात, काही र, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक अशा तिघांनी. जोडक काढला की दुसऱ्या पद्धतीनं लिहिलेलं ‘दऱ्या’ हे ‘दर्या’ होतं. ‘ॲ’चंही तसंच: यू+०९७२ हे अक्षर युनिकोड ५.१ मध्ये २००८ साली आलं, त्याआधीचा मजकूर ‘अ’ला चंद्र जोडून लिहिलेला. दोन्ही सारखे दिसतात, पण एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणारी युनिकोडची प्रक्रिया) त्यांना एक करत नाही. एक्सपोर्टच्या वेळी यातलं काहीही बदलू नये. शुद्धीकरण करायचं तर ते टेबलात, नोंद ठेवून करावं.

चाचणीसाठी टेबलात एक नोंद कायमची ठेवावी. तिच्या मजकुरात ‘झ’, ‘ठ’, ‘अ’, ‘ऊ’, ‘ए’, एखादं जोडाक्षर, उकार, दोन्ही पद्धतींनी लिहिलेलं ‘दऱ्या’ आणि एक इमोजी असावा. त्यातच स्वल्पविराम, दुहेरी अवतरणचिन्ह, बॅकस्लॅश, टॅब, एक नुसता एलएफ आणि एक सीआरएलएफ. शेजारच्या कॉलमांत एक नल, एक रिकामी स्ट्रिंग आणि शून्यानं सुरू होणारा आकडा. शेवटचा कॉलम मजकुराचाच ठेवावा, म्हणजे चिकटलेला सीआर पकडला जातो.

एक्सपोर्टनंतर आधी फाइलचे पहिले काही बाइट एक्सएक्सडी या हेक्स दाखवणाऱ्या प्रोग्रामनं पाहा: बीओएम आहे की नाही ते तिथेच कळतं. मग आयकॉन्व्हला यूटीएफ-८ वरून यूटीएफ-८ असंच रूपांतर सांगून आउटपुट टाकून द्या. अवैध बाइट असेल तर तो जागा सांगून थांबेल. पण दुहेरी एन्कोडिंग याला सापडत नाही, कारण ते वैध यूटीएफ-८च असतं. त्यासाठी फाइलमध्ये सी३ ए० सी२ ए४ ही मालिका शोधावी, निर्मळ मराठी मजकुरात ती सहसा येत नाही. नोंदींची संख्या सीएसव्ही पार्सरनं मोजा, डब्ल्यूसी या कमांडनं मोजलेल्या ओळी आतल्या एंटरमुळे जास्तच भरतात. शेवटी फाइल रिकाम्या टेबलात परत भरा आणि मूळ टेबल व नवं टेबल यांच्यात प्रत्येक मजकुराच्या कॉलमचं हेक्स प्रायमरी कीवर जुळवा. नल आणि रिकामी स्ट्रिंग वेगळे धरून तुलना करा. एकही फरक निघाला नाही तरच ती फाइल पुढे पाठवा. फरक निघाला तर त्या नोंदीतला पहिला वेगळा बाइट कोणता ते लिहून घ्या: ०डी, ८डी, ए० किंवा सी३ यातलं जे असेल त्यावरून कुठली पायरी चुकली ते कळेल.